विश्लेषण : हात सफाईदार, म्हणूनच हानी मोठी! सर्जन कोखर यांच्यामुळे थायरॉइडचे काम जगाला कसे कळले?

वैद्यकशास्त्राचे १९०९ चे नोबेल पारितोषिक स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांना मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. पारितोषिक थायरॉइड ग्रंथीवरील कामासाठी होते. या कामातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र कोखर यांच्याच रुग्णांच्या शरीरात सापडला होता. गळ्यावरची गाठ यशस्वीपणे काढून टाकलेली ही माणसे काही महिन्यांत सुजली, मंदावली, काहींची तर वाढच थांबली. हे लक्षात आल्यावर कोखर यांनी काय केले आणि त्यातून आपल्या शरीरातील ग्रंथींविषयी काय समजले, त्याविषयी...

गळ्यावर गाठ, डोंगरात घर

कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्न शहरात झाला. वडील अभियंता होते, घरातले वातावरण धार्मिक. वैद्यकीय पदवीनंतर त्यांनी झुरिक, बर्लिन, लंडन, पॅरिस येथे जाऊन त्या काळच्या नामवंत सर्जनांचे काम पाहिले आणि ते पुन्हा बर्नला परतले. १८७२ मध्ये तेथील विद्यापीठाच्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुखपद त्यांना मिळाले, तेव्हा ते अवघ्या तिशीत होते. अशा पदांवर जर्मनीतून माणूस आणण्याची तेव्हा पद्धत होती. विद्यापीठातील मंडळींचा कलही तसाच होता. पण विद्यार्थी आणि गावोगावचे डॉक्टर कोखर यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे प्राग, व्हिएन्ना, बर्लिन येथून मोठ्या पदांची बोलावणी आली, तरी त्यांनी बर्न सोडले नाही.

बर्नमध्ये राहणाऱ्या सर्जनला एक आजार रोज दिसायचा, तो म्हणजे गलगंड. मानेच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखरासारखी पसरलेली थायरॉइड ग्रंथी असते. निरोगी माणसात तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. आल्प्सच्या खोऱ्यांमध्ये हीच ग्रंथी वाढून संत्र्याएवढी, कधी नारळाएवढी होई. काहींचा गलगंड नुसताच लोंबत राही, तर काहींचा श्वासनलिकेला दाबून जीव गुदमरवी. याच खोऱ्यांत खुजी, बहिरी-मुकी आणि मतिमंद अशी मुलेही मोठ्या संख्येने जन्मत. गळ्यावरची गाठ आणि या मुलांचे अपंगत्व यांचा काहीतरी संबंध असावा, असा संशय डॉक्टरांना होता. पण ती ग्रंथी शरीरात नेमके करते काय, हेच कोणाला माहीत नव्हते. तिला कसली नळी नाही, म्हणजे लाळग्रंथीसारखा तिचा स्राव कुठे वाहताना दिसत नाही. त्यामुळे मान गोलाकार दिसावी म्हणून ती असावी, मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा जोर ती सांभाळत असावी, असे नाना तर्क केले जात. माणसाला तिची फारशी गरज नसावी, असेही अनेकांना वाटे.

सर्जन या गाठीला हात का लावत नसत?

थायरॉइडला होणारा रक्तपुरवठा तिच्या आकाराच्या मानाने प्रचंड असतो. गलगंडात या रक्तवाहिन्या आणखी फुगतात. शेजारीच आवाजाची नस आणि मागे श्वासनलिका. भूल नुकतीच आली होती, जंतुसंसर्ग कशाने होतो याची कल्पना नव्हती. अशा स्थितीत गलगंड कापायला घेणे म्हणजे रुग्ण टेबलावरच दगावण्याची तयारी ठेवणे. शस्त्रक्रियेतून वाचला तर पुढे जखम चिघळून जाई. थिओडोर बिल्रोथ हे त्या पिढीतले सर्वांत नामांकित सर्जन. झुरिकमध्ये त्यांनी गलगंडाच्या शस्त्रक्रिया केल्या, पण इतके रुग्ण गमावले की कित्येक वर्षे त्यांनी हा नादच सोडला.

कोखर यांनी वेगळा रस्ता धरला. त्या काळी चपळ हाताचा सर्जन तो चांगला सर्जन, असा समज होता. भूल नसलेल्या जमान्यात तो बरोबरही होता. कोखर मात्र सावकाश काम करत. एकेक रक्तवाहिनी शोधायची, चिमट्यात धरायची, बांधायची आणि मगच कापायची. त्यासाठी त्यांनी टोकाला दात असलेला खास चिमटा बनवला. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत त्यांनी लवकर आणि काटेकोरपणे स्वीकारली. पुढे तर ते गलगंडाच्या अनेक रुग्णांना पूर्ण भूल न देता फक्त मानेचा भाग कोकेनने बधिर करून शस्त्रक्रिया करू लागले. परिणाम आकड्यांतच दिसतो. त्यांच्या पहिल्या सुमारे शंभर गलगंड शस्त्रक्रियांमध्ये शंभरातले बाराहून अधिक रुग्ण दगावले होते. कारकिर्दीच्या उत्तरार्धात हे प्रमाण दोनशे रुग्णांमागे एकाहून कमी झाले.

हात बसल्यावर एक प्रश्न आपोआप पुढे आला. गाठ अर्धीच काढली तर ती पुन्हा वाढते. मग संपूर्ण ग्रंथीच का काढू नये? रक्तस्राव आता आटोक्यात होता आणि ग्रंथीचा उपयोग तर कोणालाच माहीत नव्हता. कोखर यांनी संपूर्ण थायरॉइड काढायला सुरुवात केली. जखमा सुरेख भरून येत, रुग्ण चालत घरी जात.

त्या मुलीचे काय झाले?

जानेवारी १८७४ मध्ये कोखर यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची थायरॉइड पूर्ण काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्यानंतर काही काळाने तिच्या गावच्या डॉक्टरांनी, ऑगस्ट फेचरिन यांनी, कोखर यांना कळवले की मुलगी बदलली आहे. आधी हसतीखेळती असलेली मुलगी आता कुढी आणि सुस्त झाली आहे, कामाला तिला अक्षरशः ढकलावे लागते. कोखर यांना हे गंभीर वाटले, पण तिला प्रत्यक्ष तपासण्याचा योग यायला कित्येक वर्षे गेली. मधल्या काळात अशाच आणखी शस्त्रक्रिया होत राहिल्या.

सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हात कोखर यांची गाठ झाक-लुई रेव्हेर्दां या सर्जनशी पडली. रेव्हेर्दांही संपूर्ण थायरॉइड काढत असत. आपले काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांत अशक्त, फिकट आणि मंदबुद्धी दिसू लागल्याचे त्यांनी कोखर यांना सांगितले. कोखर यांना जुने पत्र आठवले असणार, कारण बर्नला परतताच त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांचा शोध सुरू केला.

आज हे साधे वाटते. पण तेव्हा सर्जनचे काम जखम भरली की संपत असे. वर्षांनुवर्षांनी रुग्णांना पत्रे पाठवून बोलावणे, त्यांची उंची मोजणे, रक्त तपासणे, छायाचित्रे काढणे ही रीत नव्हती. शिवाय कोखर यांना कोणी जाब विचारला नव्हता. रुग्णांपैकी बहुतेक जण खेड्यापाड्यांतले गरीब लोक. त्यांनी आपल्या सुस्तीचा संबंध वर्षापूर्वीच्या शस्त्रक्रियेशी जोडला असेल, याची शक्यताही कमीच.

रुग्ण आले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. ज्यांची ग्रंथी अर्धवट काढली होती, ते ठणठणीत होते. ज्यांची पूर्ण काढली होती, अशा तपासलेल्या १८ जणांपैकी १६ जणांची प्रकृती ढासळली होती. थकवा, हातापायांत जडपणा, सतत वाजणारी थंडी. चेहरा आणि हात सुजलेले, त्वचा कोरडी, केस विरळ. बोलणे संथ, विचार त्याहून संथ. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची उंची जिथल्या तिथे थांबली होती. ती ११ वर्षांची मुलगी आता विशीत पोहोचली होती. तिच्या शेजारी धाकट्या बहिणीला उभे करून काढलेले छायाचित्र वैद्यकशास्त्राच्या इतिहासात अजून दाखवले जाते. धाकटी उंचनिंच तरुणी झालेली, आणि थोरली तिच्या खांद्यालाही न पोहोचणारी, सुजलेल्या चेहऱ्याची.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या परिषदेत कोखर यांनी हे सारे मांडले. आपल्या पद्धतीने होणारी हानी त्यांनी स्वतःच्या आकड्यांनिशी दाखवली, तिला नाव दिले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. रेव्हेर्दां यांचाही निबंध त्याच सुमारास प्रसिद्ध झाला. पहिले श्रेय कोणाचे, यावर दोघांत पुढे बरीच कटुता आली. हा दोष प्रथम ओळखणारे म्हणून रेव्हेर्दां यांचे नाव घ्यायला हवे. रुग्णांच्या मोठ्या संख्येवर तो सिद्ध करण्याचे काम कोखर यांचे.

शरीरात नेमके काय बिघडले होते?

थायरॉइडला नळी नसली तरी ती स्राव करतेच. तो थेट रक्तात मिसळतो. अशा ग्रंथींना अंतःस्रावी ग्रंथी आणि त्यांच्या स्रावांना संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, म्हणतात. हार्मोन हा शब्दही कोखर यांच्या उमेदीच्या काळात नव्हता; ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो १९०५ मध्ये वापरात आणला. मज्जातंतू निरोप नेतात ते फोनच्या तारेसारखे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आणि क्षणात. संप्रेरकाचा निरोप रक्तातून सगळ्या गावाला जातो, पण ज्या पेशींकडे तो ओळखण्याची सोय आहे त्याच त्यावर हालचाल करतात.

थायरॉइडच्या संप्रेरकांना जवळपास सगळ्याच पेशी दाद देतात. पेशींनी इंधन किती वेगाने जाळायचे, हे ती ठरवतात. ती कमी पडली की उष्णता कमी निर्माण होते, म्हणून थंडी वाजते. हृदय संथ होते, आतडी संथ होतात, बद्धकोष्ठता होते. त्वचेखाली पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात, म्हणून चेहरा सुजतो. मुलांमध्ये हाडांची वाढ अडते आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे गर्भात व जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूची घडण अपुरी राहते. कोखर यांच्या टेबलासमोर आलेल्या प्रत्येक लक्षणाचे उत्तर असे एकाच ग्रंथीत होते.

मग ही लक्षणे लगेच का दिसली नाहीत? थायरॉइडचे मुख्य संप्रेरक थायरॉक्सिन. रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक आठवडा लागतो. ग्रंथी काढल्यावर रक्तातला साठा हळूहळू आटतो आणि शरीरावरचा परिणाम त्याहून सावकाश, कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उमटतो. तोवर टाके निघालेले, रुग्ण घरी पोहोचलेला आणि सर्जनच्या वहीत नोंद झालेली असते : बरा झाला.

दुसरा उलगडा याहून चमत्कारिक आहे. मुळात ती गाठ होतेच का? थायरॉक्सिन बनवायला आयोडीन लागते. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आल्प्सच्या जमिनीत आणि पाण्यात आयोडीन फार कमी. आयोडीन नाही, म्हणून संप्रेरक कमी. आता इथे मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी मध्ये येते. रक्तातले थायरॉक्सिन घटले की ती टीएसएच नावाचे संप्रेरक सोडून थायरॉइडला काम वाढवायला लावते. थायरॉक्सिन पुरेसे झाले की टीएसएच कमी करते. पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा पातळी उतरली की नळ उघडतो आणि टाकी भरली की बंद करतो, तसेच हे. पण नळालाच पाणी नसेल तर गोळा कितीही खाली गेला तरी टाकी भरत नाही. आयोडीन नसताना टीएसएच वर्षांनुवर्षे चाबूक ओढत राहते आणि थायरॉइड बिचारी नव्या पेशी वाढवत फुगत जाते. गलगंड म्हणजे मोठी झालेली, पण तुटपुंज्या मालावर कसेबसे घर चालवणारी ग्रंथी. ती समूळ काढली की होते नव्हते तेही जाई.

बिल्रोथ यांच्या रुग्णांना वेगळाच त्रास का झाला?

बिल्रोथ यांनीही पुढे व्हिएन्नात गलगंडाच्या शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केल्या. त्यांच्या रुग्णांना कोखर यांच्या रुग्णांसारखी सूज आणि मंदपणा फारसा आला नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत हातापायांना जोरदार पेटके येऊन काही जण दगावले. एकच अवयव, एकच शस्त्रक्रिया आणि दोन गावांत दोन आजार! हे कोडे दोघांचेही काम जवळून पाहिलेल्या विल्यम हाल्स्टेड या अमेरिकी सर्जनने उलगडले. त्याचे म्हणणे असे की, फरक हातांमध्ये होता. बिल्रोथ झपाट्याने काम करणारे. त्यांच्या हातून थायरॉइडचे तुकडे मागे राहत, पण आजूबाजूचे काही तरी उपटले जाई. कोखर इतके नीटनेटके की थायरॉइडचा कण मागे राहत नसे आणि शेजारच्या ऊतींना धक्का लागत नसे.

शेजारच्या ऊती म्हणजे परावटू ग्रंथी. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी. रक्तातले कॅल्शियम त्या सांभाळतात. त्या गेल्या की एक-दोन दिवसांत कॅल्शियम घसरते आणि स्नायू आखडतात. या ग्रंथी पहिल्यांदा कोणाला दिसल्या, याची कथा भारताशी जोडलेली आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय गेंडा मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन यांनी त्याच्या शवविच्छेदनात थायरॉइडला चिकटलेला एक छोटा पिवळट गोळा टिपून ठेवला होता. माणसातल्या परावटू ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले, पण त्याकडे अनेक वर्षे कोणी लक्ष दिले नाही. म्हणजे ज्या काळात व्हिएन्नातले रुग्ण पेटक्यांनी मरत होते, त्याच काळात त्याचे कारण एका कमी वाचल्या गेलेल्या निबंधात पडून होते.

हाल्स्टेड यांचा तर्क मान्य केला तर कोखर यांच्या रुग्णांचे नुकसान निष्काळजीपणामुळे झालेले नाही. कोखर जितके चांगले सर्जन झाले, तितके त्यांचे रुग्ण अधिक आजारी पडले.

कोखर यांना कारण सापडले का?

नाही. हानी त्यांनी सिद्ध केली, पण तिचे स्पष्टीकरण चुकीचे दिले. ग्रंथी काढताना श्वासनलिकेचा रक्तपुरवठा बिघडतो, ती मऊ पडून आक्रसते आणि शरीराला सतत प्राणवायू कमी पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. थायरॉइड रक्तात काहीतरी सोडते, ही कल्पना त्यांना सुरुवातीला पटली नाही. गंमत अशी की, त्याच वर्षी, जुलै १८८३ मध्ये, त्यांनी संपूर्ण ग्रंथी गमावलेल्या एका रुग्णाच्या शरीरात दुसऱ्याच्या थायरॉइडचा तुकडा बसवून पाहिला. एका माणसाची ग्रंथी दुसऱ्याला देऊन आजार दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न आधुनिक अवयवरोपणाची सुरुवात मानला जातो. रोपण टिकले नाही, शरीराने ते हळूहळू जिरवून टाकले.

योग्य दुवा लंडनमध्ये जुळला. तिथे मध्यमवयीन स्त्रियांमध्ये सूज आणि सुस्ती आणणारा एक आजार डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. कोखर यांचा अहवाल आल्यावर फेलिक्स सेमन यांनी १८८३ च्या अखेरीस सुचवले की, हा आजार, डोंगराळ भागातल्या मुलांचे अपंगत्व आणि कोखर यांच्या रुग्णांची अवस्था या तिन्हींचे मूळ एकच आहे, थायरॉइडचे काम बंद पडणे. सभेत त्यांना फारसा पाठिंबा मिळाला नाही. मात्र समिती नेमली गेली, माकडांवर प्रयोग झाले आणि १८८८ च्या अहवालाने सेमन बरोबर ठरले.

तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती सावरली आणि आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! लवकरच असे लक्षात आले की, सुई टोचायचीही गरज नाही, ग्रंथी तोंडाने घेतली तरी गुण येतो. शरीरात जे कमी आहे ते बाहेरून भरून द्यायचे, या उपचाराचा हा पहिला स्पष्ट विजय. इन्सुलिन यायला अजून ३० वर्षे होती. १८९५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाऊमान यांना थायरॉइडमध्ये आयोडीन सापडले आणि १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले.

उरलेली वर्षे

कोखर यांनी पुराव्यापुढे आपले मत बदलले आणि पुढची तीन दशके याच ग्रंथीचा पिच्छा पुरवला. आता ते ग्रंथीचा काही भाग जाणीवपूर्वक राखून ठेवत. ग्रंथी अतिकाम करत असेल, म्हणजे धडधड, घाम, वजन घटणे आणि डोळे बाहेर येणे अशी लक्षणे असतील, तर त्या उलट्या आजारावरही ते शस्त्रक्रिया करू लागले. एकाच ग्रंथीचे कमी-जास्त कामाचे दोन्ही आजार त्यांच्या वॉर्डात शेजारीशेजारी असत. त्यांच्या हातून थायरॉइडच्या पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९१३ मध्ये परागंदा असलेले लेनिन पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांना याच आजारासाठी कोखर यांच्याकडे घेऊन बर्नला आले होते. शस्त्रक्रिया झाली आणि क्रुप्स्काया त्यानंतर २५ वर्षे जगल्या.

बर्नला शिकायला येणाऱ्या परदेशी डॉक्टरांची रीघ लागलेली असे. त्यांतले हार्वे कुशिंग १९०० मध्ये आले. पुढे याच कुशिंग यांनी पियुषिका ग्रंथीचा कसून अभ्यास केला. तिच्यामुळे होणारा एक आजार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. नोबेलनंतर, १९१२ मध्ये, कोखर यांनी संशोधन संस्थेसाठी दोन लाख स्विस फ्रँक दिले.

गलगंड मुळात का होतो, हा प्रश्नही त्यांनी सोडला नव्हता. बर्न परगण्यातल्या शाळकरी मुलांच्या माना तपासून कोणत्या गावात, कोणत्या खडकावर, कोणत्या पाण्यावर गलगंड जास्त आहे याची त्यांनी पाहणी केली. दिशा योग्य होती, पण पाण्यात काय कमी आहे याऐवजी पाण्यात काय वाईट आहे, याकडे त्यांचा रोख राहिला. शिवाय आयोडीनच्या औषधाने काही रुग्णांची थायरॉइड एकदम उसळते, हे त्यांनी पाहिले आणि लिहिले होते. हे निरीक्षण आजही खरे मानले जाते. मात्र तेव्हा मिठात आयोडीन घालण्याची कल्पना मांडणाऱ्यांना या भीतीशी बरीच वर्षे झगडावे लागले.

कोखर अखेरपर्यंत शस्त्रक्रिया करत होते. २७ जुलै १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ओटो बायार्ड या खेड्यातल्या डॉक्टरांनी वाले परगण्यातल्या डोंगरी गावांत मिठात अगदी किंचित आयोडीन मिसळून वाटले आणि काही महिन्यांत मुलांच्या गाठी उतरू लागल्या. १९२२ पासून स्वित्झर्लंडने असे मीठ सार्वजनिक विक्रीला आणायला सुरुवात केली. ज्या आजारासाठी जगभरचे सर्जन बर्नला येत, तो पुढच्या एक-दोन पिढ्यांत तिथे दिसेनासा झाला.

भारतात आणि आज

हिमालयाच्या पायथ्याशी हीच कथा घडली. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही गावांना आयोडीनयुक्त आणि काहींना साधे मीठ देऊन तुलना केली. आयोडीन मिळालेल्या गावांत गलगंड झपाट्याने घटला. १९६२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीत धरताही येणार नाही इतकेच आयोडीन लागते. गर्भवतींना त्याहून जास्त, कारण पोटातल्या बाळाचा मेंदू सुरुवातीला आईच्या थायरॉक्सिनवरच घडत असतो.

थायरॉइड पूर्ण काढण्याची वेळ आजही येते, विशेषतः कर्करोगात. रुग्णाला घरी सोडण्याआधी रक्तातले कॅल्शियम तपासतात, परावटू ग्रंथी शाबूत आहेत का ते पाहण्यासाठी. आवाज बसला आहे का, याची विचारपूस होते. कृत्रिम थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि कायमची घ्यावी लागेल, हे समजावून सांगितले जाते. आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासायला पुन्हा यायची तारीख कागदावर लिहून दिली जाते.